गृहपाठाची नोंद कोणासाठी? विद्यार्थ्यांच्या वेब ॲपची घडण आणि सुधारणा

'गृहपाठ' हा शब्द आपण रोज वापरतो. परंतु त्यातील 'गृह' कोणते, हा प्रश्न निवासी शाळेत शिकवणाऱ्यांना टाळता येत नाही. शाळा सुटल्यावर मूल घरी जाईल, तेथे त्याला बसायला जागा असेल, डोक्यावर दिवा असेल, स्वयंपाकपाणी दुसरे कोणी करीत असेल आणि एखादे उदाहरण अडले तर विचारायला शिकलेले माणूस असेल, एवढ्या गोष्टी या शब्दाने न बोलता गृहीत धरल्या आहेत. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुलांच्या घरी यांतील एखादीच गोष्ट असते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांचे घर दिवाळीनंतर चार-पाच महिने फडाजवळच्या कोपीत असते. तेथे पाठ कोठे ठेवायचा आणि केव्हा वाचायचा?

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे आपण या दृष्टीने पुन्हा पाहावे, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत स्वतः जागत, नंतर मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि मगच आपण झोपत. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात केलेल्या त्या अभ्यासावर बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. हा प्रसंग आपल्या सभांतून कष्टाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. परंतु त्यात व्यवस्थापनाचाही भाग आहे. जागा एकच, माणसे अनेक. म्हणून वेळेची विभागणी केली गेली. शिवाय रामजी स्वतः शिकलेले होते, मुलाचे इंग्रजी आणि गणित ते जातीने पाहत. म्हणजे त्या खोलीत जागा नव्हती, तरी विचारायला माणूस होते. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना जुलै १९२४ मध्ये झाली आणि लगेच १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्यापूर्वी राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या मिशनने मुंबई-पुण्यात हेच काम आरंभले होते. पाठाला गृह मिळवून देणे, हा या सर्वांचा एक समान हेतू मानता येईल. आपली भरे येथील शाळा त्याच वाटेवरची आहे.

मग वसतिगृहात आल्यावर गृहपाठाचा प्रश्न सुटला का? जागा मिळाली, दिवा मिळाला, दोन वेळचे जेवण मिळाले. उरली ती नोंद: कोणी काय दिले, केव्हापर्यंत करायचे, आज किती करायचे आणि कोठे अडले आहे. या नोंदीसाठी गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेत एक छोटे वेब ॲप तयार झाले आणि अजून होत आहे. त्याची घडण सांगणारा हा लेख माजी विद्यार्थी आणि पालक या दोघांसाठीही आहे. संगणकाची परिभाषा जेथे अटळ आहे तेथेच येईल. ज्यांनी एमएस-सीआयटीचा वर्ग केला आहे त्यांना ती जड जाऊ नये.

नोंदीचा प्रश्न केवळ आपला नाही. २०२० च्या टाळेबंदीत राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजचा अभ्यास मोबाइलवर पाठवण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'स्वाध्याय' हा उपक्रम आला. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न येत आणि मुलांनी तेथेच उत्तरे द्यायची. कल्पना चांगली होती. परंतु ज्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरात प्रश्न रात्री उशिरा पोहोचत. आलेले प्रश्न इतर शेकडो संदेशांखाली गाडले जात, हेही आम्ही तेव्हा पाहिले. संदेश पाठवणे वेगळे आणि नोंद ठेवणे वेगळे. संदेश वाहून जातो; नोंद हवी तेव्हा सापडावी लागते.

दुसरा प्रयोग छापील होता. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांनंतर कोरी पाने जोडण्यात आली आणि पुस्तके चार भागांत विभागली गेली. त्या पानांना 'माझी नोंद' असे सुंदर नाव होते. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि गरीब मुलांना वेगळ्या वह्या घ्याव्या लागू नयेत, हा हेतू होता. मुले तरीही वह्या आणत राहिली आणि पानांचा अपेक्षित उपयोग होत नाही असे दिसल्यावर शासनाने जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. आमच्या मते या प्रयोगाकडे हसण्यावारी पाहू नये. नोंदीची जागा मुलाच्या हाताशी, धड्याला लागूनच असावी, हा त्यातील विचार बरोबर होता. अडचण अशी की छापलेल्या पानाची सुधारणा वर्षातून एकदाच करता येते. बदल सुचला तर पुढील जूनची वाट पाहायची. वेब ॲपचा मोठा गुण येथे दिसतो: आज सुचलेला बदल परवा करता येतो. अर्थात हाच त्याचा अवगुणही आहे, त्याविषयी पुढे.

आपल्या मुळशी तालुक्याच्याच दुसऱ्या अंगाला, हिंजवडी-माण परिसरात, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे आहे. तेथील काचेच्या इमारतींत जगभरच्या कंपन्यांसाठी ॲप्स बनतात. आपले काही माजी विद्यार्थी तेथे नोकरीला आहेत आणि त्यांच्यापैकी दोघांनी सुटीच्या दिवशी येऊन नववीच्या मुलांसह हे काम हाती घेतले. पहिली आवृत्ती मुद्दाम अगदी लहान ठेवली. सहा रकान्यांचा एक तक्ता: विषय, काम, दिल्याची तारीख, द्यायची तारीख, लागणारा अंदाजे वेळ आणि स्थिती. बाजारात तयार ॲप्स असताना स्वतः का करायचे, असा प्रश्न काही पालकांनी विचारला होता. मुलांची माहिती शाळेच्या आवाराबाहेर जाऊ नये, हे एक कारण. मुलांनी वापरायची वस्तू मुलांना उघडून, दुरुस्त करून पाहता यावी, हे दुसरे.

या सहा रकान्यांपैकी पाचवा, म्हणजे वेळेचा रकाना, सर्वांत किरकोळ वाटला होता. प्रत्यक्षात बरीच चर्चा त्याच्यावरच झाली. एका मंगळवारच्या दहावीच्या नोंदींचे उदाहरण घेऊ. मराठीचा निबंध पाऊण तास, गणिताचा सरावसंच एक तास, विज्ञानाची आकृती आणि प्रश्न अर्धा तास, इतिहासाची टीप वीस मिनिटे, हिंदीचे पाठांतर वीस मिनिटे, इंग्रजीचे पत्र पंचवीस मिनिटे. प्रत्येक शिक्षकाच्या दृष्टीने आपले काम थोडेच आहे. बेरीज मात्र तीन तास वीस मिनिटे होते. सायंवंदना आणि भोजन झाल्यावर अभ्यासासाठी वसतिगृहात आठ ते दहा असे दोनच तास आहेत. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाने नववी ते बारावीसाठी रोज जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीसाठी एक तास, तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला मिळून दोन तास अशी मर्यादा सुचवली आहे; दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नको असे सांगितले आहे. प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात अभ्यासाच्या ओझ्याविषयी जे इशारे दिले, त्यांचाच हा पुढचा धागा. धोरण सर्वांनी वाचलेले असते. परंतु सहा शिक्षकांची बेरीज कोणी करीत नाही, कारण ती बेरीज कोणत्याही एका वहीत दिसत नाही. ती दिसते फक्त मुलाच्या झोपेत.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ही बेरीज शिक्षकांच्या पडद्यावर सर्वांत वर आणली. शिक्षक नवे काम नोंदवू लागले की त्या वर्गाचे त्या दिवशीचे आधीचे काम किती मिनिटांचे आहे ते प्रथम दिसते. मर्यादा ओलांडली तर ॲप काम नोंदवण्यास नकार देत नाही. फक्त जवळच्या मोकळ्या दिवसाची तारीख सुचवते. शिक्षकावर पहारा नको, असे आमच्यातील काहींचे म्हणणे होते आणि ते योग्य होते. माहिती समोर ठेवली की बहुतेक शिक्षक आपण होऊन दिवस बदलतात, असा अनुभव आला.

अंदाजे वेळ ठरवायचा कसा, हाही एक प्रश्न. शिक्षक जो वेळ लिहितात तो त्यांच्या स्वतःच्या वेगाचा असतो. मुलांनी इच्छा असेल तर प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहावा, अशी सोय केली. त्याची सरासरी काढली तेव्हा आकडे विचित्र आले. एखादा मुलगा नोंद उघडी ठेवून जेवायला गेला की त्याच्या एका नोंदीने सगळी सरासरी फुगते. दहावीच्या मुलांनीच सुचवले की येथे मध्य न घेता मध्यक घ्यावा. पाठ्यपुस्तकातील सांख्यिकीचे प्रकरण कोठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्यांना आम्ही आता हे उदाहरण देतो.

सातवा रकाना नंतर आला: 'काय लागेल'. इतिहासाचा शिक्षक सहज सांगून जातो की १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा. पौड-माले भागातील मुलाला ते शक्य आहे. त्याच्या पणजोबांची जमीन कदाचित त्याच धरणाखाली गेलेली असते. वसतिगृहात राहणाऱ्या बीडच्या मुलाला मात्र येथे विचारायला कोणी नाही. कंपास, नकाशा, संगणकाची पाळी, रंगपेटी, मोठ्या माणसाची मुलाखत, जे लागणार असेल ते आधी लिहायचे. रंगपेटी वर्गात चारच जणांकडे आहे हे नोंदीतून कळले, तेव्हा शाळेने दहा पेट्या घेतल्या आणि त्या अभ्यासिकेत ठेवल्या. ॲपने एवढे केले तरी त्यावर घालवलेले रविवार कारणी लागले म्हणायचे.

आता सहाव्या रकान्याकडे, म्हणजे 'स्थिती'कडे वळू. या लेखातील आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

आरंभी दोन स्थिती होत्या: 'झाले' आणि 'बाकी'. शाळांतून शंभर-दीडशे वर्षे हीच विभागणी चालत आलेली आहे. वही तपासणारा शिक्षक पान उघडतो. लिहिलेले आहे किंवा नाही. लिहिलेले नसेल तर विद्यार्थी आळशी. परंतु आठवीच्या एका मुलीने विचारले, की गणित सोडवायला घेतले, दोन पायऱ्या केल्या, पुढे काही सुचेना, तर मी काय निवडू? 'झाले' म्हटले तर खोटे, 'बाकी' म्हटले तर मी केलेच नाही असा अर्थ होतो. त्या प्रश्नातून तिसरी स्थिती आली: 'अडले आहे'. नाव तिनेच सुचवले. हे निवडल्यावर कोठे अडले ते एका ओळीत लिहायचे किंवा वहीच्या पानाचा फोटो जोडायचा.

कागदी वहीत न केलेला अभ्यास आणि अडलेला अभ्यास हुबेहूब सारखे दिसतात. दोन्हींचे पान कोरेच. ज्याच्या घरी विचारायला माणूस आहे त्याचे अडलेले रात्रीच सुटते आणि सकाळी पान भरलेले असते. ज्याच्या घराण्यात तोच पहिला शिकणारा आहे, त्याचे पान कोरे राहते. मग शिक्षा होते ती आळसाबद्दल, आणि प्रत्यक्षात ती असते विचारायला कोणी नसल्याबद्दल. किती पिढ्यांच्या मुलांनी या एका गैरसमजापायी शाळा सोडली असेल! रामजींच्या जागण्याचा उल्लेख आम्ही आरंभी केला तो यासाठीच. दिवा, जागा आणि वेळ यांच्या जोडीला चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे विचारायला माणूस. वसतिगृहात ते माणूस रात्री आठ ते दहा उपलब्ध असावे यासाठी आता अभ्यासिकेत एक शिक्षक आणि दहावी-नववीची दोन मुले पाळीने बसतात. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर फक्त 'अडले आहे'ची यादी असते. ज्या प्रश्नावर पाच-सहा जण अडले तो दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा घेतला जातो. शिकवण्यात काही राहून गेले असेल तर तेही येथेच उघड होते, कारण एकाच पायरीवर निम्मा वर्ग अडला तर दोष मुलांचा नसतो.

रंगांविषयीही असाच विचार करावा लागला. 'बाकी' कामाला लाल रंग असावा, असे सुचवले गेले होते. मुलांनी हरकत घेतली. लाल खूण म्हणजे वर्गासमोर उभे करणे, असे ते म्हणाले. कोणी सर्वाधिक काम केले याची क्रमवारी दाखवावी, त्याने चुरस निर्माण होते, असाही आग्रह होता. बाजारातील बहुतेक ॲप्समध्ये अशी क्रमवारी असते. आम्ही ती ठेवली नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाच्या वर कोणीतरी आणि खाली कोणीतरी, आणि खालचा असल्याचे दुःख आपल्याही खाली कोणी आहे या समाधानात बुडवायचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना रोज संध्याकाळी अशी शिडी दाखवण्याची आपल्या शाळेला गरज नाही. चौदा एप्रिलला अठरा तास सलग अभ्यासाचा उपक्रम आपण करतो, तेव्हाही कोण किती वेळ बसला याची यादी लावत नाही, तेच हे धोरण.

यालाच जोडून आडनावांचा विषय येतो. मुलांची नावे ॲपमध्ये भरण्याची वेळ आली तेव्हा सोपा मार्ग असा होता की शासनाच्या 'सरल' प्रणालीतून वर्गाची पूर्ण यादी घ्यावी आणि तशीच चढवावी. शासकीय कामासाठी त्या यादीत जात, प्रवर्ग, आधार क्रमांक, पालकांची माहिती असे अनेक रकाने असतात, आणि शिष्यवृत्ती मिळवायची तर ते आवश्यकही आहेत. गृहपाठाला त्यांतले काहीही लागत नाही. आम्ही तीनच गोष्टी घेतल्या: पहिले नाव, इयत्ता आणि हजेरी क्रमांक. आडनाव घेतले नाही. महाराष्ट्रात आडनावावरून पुढचा प्रश्न न विचारताच उत्तर काढले जाते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. एका वर्गात दोन सिद्धार्थ आणि तीन प्रज्ञा आहेत, तेथे हजेरी क्रमांक उपयोगी पडतो.

कायदाही या बाजूला आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास, त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. शाळांना काही बाबतींत सवलत आहे. तरी आपण पालकांची संमती मराठीत, वाचून दाखवून घेतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी अंगठा देण्यापूर्वी प्रश्न विचारावेत म्हणून एक शिक्षक शेजारी बसतो.

पालकांना स्वतंत्र खाते दिलेले नाही, याबद्दल काहींची नाराजी आहे. मुलाचे काय चालले आहे ते आम्हाला फोनवर दिसायला हवे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु दूर फडावर असलेल्या बापाला मोबाइलवर 'बाकी: सात' असे दिसले तर त्याने त्या आकड्याचे काय करायचे? रविवारी फोनची पाळी असते. मुलाने स्वतः ॲप उघडून आईवडिलांना आठवड्यात काय केले आणि कोठे अडले ते सांगावे, अशी रीत ठेवली आहे. आपल्या तोंडाने सांगितलेली गोष्ट आणि परस्पर पोहोचलेली चहाडी यांत फरक असतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. ॲप शाळेच्या संगणक कक्षातील एका जुन्या संगणकावरच चालते आणि आवारातील वायफायवर कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. काही उतरवून घ्यावे लागत नाही. माहिती एसक्यूलाइट या सर्वांना मोफत वापरता येणाऱ्या डेटाबेसमध्ये असते. मुळशीच्या पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची. बाहेरचे इंटरनेट गेले तरी ॲपला फरक पडत नाही, आणि वीज गेली तर टॅबलेटमधील ब्राउझर नोंदी तात्पुरत्या जपून ठेवतो आणि संपर्क आल्यावर पाठवतो. एकच नोंद दोन टॅबलेटवर बदलली गेली तर कोणती खरी, हा मात्र खरोखर अवघड प्रश्न आहे. सध्या ॲप दोन्ही नोंदी मुलासमोर ठेवते आणि निवड त्याच्यावर सोपवते. आठवड्यातून एकदा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलूपबंद केला जातो.

मराठीच्या अडचणी वेगळ्याच निघाल्या. संगणक '१०' हा मजकूर समजला तर क्रमात तो '२'च्या आधी लावतो. म्हणून दहावा धडा दुसऱ्याच्या वर जाऊन बसे. ज्या भाषेत हे ॲप लिहिले आहे तिला देवनागरी अंक हे अंक म्हणून कळत नाहीत, आधी त्यांचे रूपांतर करावे लागते. 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ्या दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला निराळे. त्यामुळे शोध घेतला की निम्म्या नोंदी सापडत नसत. आता जतन करण्यापूर्वी दोन्हींचे एकच रूप केले जाते. गंमत म्हणजे 'ॲप' हा शब्द ज्या अक्षराने सुरू होतो ते 'ॲ' हे अक्षरच युनिकोडमध्ये २००८ साली आले. मराठी मुलांचे ॲप मराठीत का हवे, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. इंग्रजीत 'पेंडिंग' असे लिहिलेले बटण पाचवीचे मूल दाबते खरे, पण त्याचा अर्थ मनाशी लावायला त्याला एक क्षण जास्त लागतो, आणि अडल्याच्या वेळी तोच क्षण भारी असतो.

सुधारणा करायची कशी, याविषयी आमचा आदर्श जुना आहे. विनयपिटकात एक कथा येते. राजगृहाजवळच्या तपोदा या उष्णोदकाच्या झऱ्यांवर भिक्खू स्नान करीत असत. बिंबिसार राजा स्नानासाठी आला आणि भिक्खूंचे आटोपण्याची वाट पाहत थांबला. अंधार पडला, नगराचे दरवाजे बंद झाले, राजाला रात्र बाहेर काढावी लागली. तथागतांनी नियम केला की पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये. पुढे उन्हाळा आला, भिक्खूंना घाम सोसवेना. नियमाला उन्हाळ्याचा अपवाद जोडला गेला. मग आजाऱ्याचा, श्रमाचे काम करणाऱ्याचा, प्रवासातून आलेल्याचा, धुळीच्या वादळवाऱ्यात आणि पावसात सापडलेल्याचा. मूळ नियम खोडला नाही, अनुभवाने त्यात भर पडत गेली, आणि प्रत्येक भरीचे कारण त्या कथेबरोबर जपले गेले. आपल्या ॲपच्या प्रत्येक बदलाची अशीच नोंदवही आहे: काय बदलले, कोणाच्या सांगण्यावरून, का. वर आम्ही अवगुण म्हटले तो हाच की वेब ॲप फार सहज बदलता येते. कारण लिहून ठेवण्याची शिस्त नसेल तर सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही की लाल रंग का काढला होता, आणि कोणीतरी तो पुन्हा घालतो.

वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेला, भिक्खू एकमेकांना पवारणा करतात. माझ्यात काही पाहिले, ऐकले वा संशयिले असेल तर सांगा, असे वयाने मोठा भिक्खूही लहानांना विनवतो. महिन्यातून एकदा संगणक कक्षात आम्ही त्याच भावनेने बसतो. लहान इयत्ता आधी बोलतात, शिक्षक शेवटी. मोठे आधी बोलले तर लहानांचे बोलणे संपते, हे कोणत्याही घरातील जेवणाच्या पंगतीत दिसते.

वर्षअखेरीस काय ठेवायचे आणि काय पुसायचे, यावर या बैठकांत दोन वेळा वाद झाला. 'बाकी' आणि उशिराच्या नोंदी मे महिन्यात पुसल्या जातात. सहावीत कोणी किती वेळा उशीर केला याची यादी दहावीच्या शिक्षकाच्या हाती पडू नये, असे ठरले. निबंध, आकृत्या, प्रकल्प मात्र मुलाने म्हटले तर ठेवले जातात. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती. शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध म्हणून तो बाजूला पडला असता तर आपल्या इतिहासातील एक मोठा आवाज हरवला असता. तेव्हा कोणती वही रद्दीत घालायची याचा निर्णय शिक्षकाने एकट्याने घेऊ नये.

काही कामे राहिली आहेत. चौथी-पाचवीच्या मुलांना टंकलेखन जमत नाही. 'अडले आहे' हे त्यांना आवाजात सांगता यावे, यासाठी प्रयत्न चालू आहे, पण आवाजाच्या फाइली मोठ्या असतात आणि जुना संगणक दमतो. हिंजवडी, खराडी किंवा परदेशात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यातील काही येत असेल त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता यावे, कक्ष उघडा असतो. संगणक न येणाऱ्यांनीही यावे. अभ्यासिकेत रात्री आठ ते दहा बसणारी माणसे नेहमीच कमी पडतात.

दिवाळीच्या सुटीचा प्रश्नही बैठकीत आलेला आहे. सातवीच्या मुलांनी अशी मागणी केली आहे की सुटीत दिलेल्या अभ्यासासमोर 'कोठे जाणार' असा एक रकाना असावा, म्हणजे जे फडावर जाणार आहेत त्यांना कोपीत बसून करता येईल एवढेच काम मिळेल. या रकान्याचे नाव काय ठेवावे, यावर अद्याप एकमत झालेले नाही.